मास्क फ्री साइज नसतो

रागाच्या भरात लिहायला बसू नये, असं संपादकांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, राग उतरायची वाट बघत बसले तर तुमचा अंक माझ्याशिवाय निघेल. तेव्हा आहे तशी लिहिते.

मी शिरूरची. घोड नदीत पोहायला शिकले, तेही चोरून. मुलींनी नदीवर धुणं घेऊन जावं, पोहू नये असा आमच्या घरचा कायदा होता. पुढे पुण्यात तलावावर पोहण्याची शिक्षिका झाले, तिथून कोकणात जाऊन स्कूबा शिकले आणि वीसेक वर्षं लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. कान कुरकुर करायला लागले तेव्हा डॉक्टरांनी खोल समुद्र बंद केला आणि मी गावी परतले. आता हायवेजवळच्या एका रिसॉर्टच्या तलावात शनिवार-रविवार नवशिक्यांना शिकवते. शिरूरमध्ये स्कूबा म्हटलं की लोक हसतात. इथं समुद्र नाही, कबूल. भीमा आहे, घोड आहे, विहिरी आहेत, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आहेत, आणि दर वर्षी त्यांत माणसं जातात. त्यांना काढायला कुणाला तरी खाली उतरावं लागतं.

नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, काय काय विकत घेऊ?"

"मास्क घे," मी सांगते. "नंतर पायातले फिन, म्हणजे रबरी पंख. बाकी सगळं भाड्यानं. वर्षभर पाण्यात जा, मग तुझं तुलाच कळेल."

हे कुणाला पटत नाही. एक संगणकवाला मुलगा पहिल्याच दिवशी मांडीला बांधायचा सुरा, पाण्याखालचा कॅमेरा आणि मनगटावर ताटलीएवढं घड्याळ घेऊन आला. डोळ्यांना मात्र पोहण्याचा साधा गॉगल. मी विचारलं, सुरा कशाला? म्हणाला, शार्क आला तर. मी म्हटलं, रिसॉर्टच्या तलावात शार्क आला तर आधी मॅनेजरला कळव. आणखी एक होते, आमच्याच भागातले माजी सरपंच. मोठा रुबाब आणि त्याहून मोठी मिशी. मास्कची रबरी कड मिशीवर बसत नाही, केसांमधून पाणी आत येतं. थोडी कापा म्हटलं तर म्हणाले, "मिशीला कात्री लागणार नाही. दुसरा मास्क आणा." असा मास्क जगात नाही. ते शिकायचे राहिले ते राहिलेच.

या लोकांवर मी रागावत नाही. ते स्वतःच्या नाकानं पाणी पितात. मला संताप येतो तो दुसऱ्याच्या नाकासाठी माल निवडणाऱ्यांचा.

आता थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पाण्याखाली आपण तोंडानं श्वास घेतो, पण नाक मास्कच्या आतच असावं लागतं. खाली जाताना पाण्याचा दाब मास्कला चेहऱ्यावर दाबतो, तेव्हा नाकानं थोडी हवा सोडून तो सैल करावा लागतो. म्हणून गॉगल चालत नाही. मास्क निवडायची रीत अगदी सोपी. केस मागं घ्यायचे, पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही भारी असो, तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. पट्टा आवळून काही होत नाही. उलट कड दुमडते आणि जास्त गळतो. ज्याला पाठीवरचं सिलिंडर बांधतात त्या हवा भरायच्या जॅकेटचंही तेच. ते अंगाला बसलं पाहिजे. ढगळ असेल तर हवा भरली की माणूस खाली आणि जॅकेट वर.

एवढंच ज्ञान आहे. ते मी एका कारखान्याला तीनदा सांगितलं होतं.

कारखाना कारेगावच्या बाजूचा. त्यांनी पुराच्या वेळी मदतीला जाईल अशी कामगारांची टीम करायचं ठरवलं. काम चांगलं होतं, म्हणून मी आनंदानं गेले. सात पुरुष आणि एक मुलगी, सारिका. ती फायर-सेफ्टीत कंत्राटावर होती. गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. तिचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी एका जागी बसून ऊस आणि भाजी धरली. ही कारेगावात खोली घेऊन राहायची. टीममध्ये असलेल्यांना कायम करणार, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. आठही जण त्या आशेवर होते.

ॲडमिनच्या साहेबांना मी बजावलं होतं, "प्रत्येकाच्या चेहऱ्याला लावून बघितल्याशिवाय एकही मास्क घेऊ नका."

"शुअर मॅडम, तुमच्याशिवाय काहीच करणार नाही."

शिकवायला गेले तर खोकी आलेली होती. नारळ फुटला होता, हार घातलेले फोटो काढून झाले होते. आठ पिवळे मास्क, आठ जॅकेट, सगळं एका मापाचं. सप्लायरचा माणूस शेजारीच उभा होता. मी विचारलं, मापं कुणी घेतली?

"मॅडम, फ्री साइज आहे. सगळ्यांना होतं."

मी ओळीनं सगळ्यांच्या तोंडाला मास्क लावून बघितले. काहींना बसले. तिघांचा मला संशय आला. त्यांनी पट्टे करकचून आवळले आणि "बसला मॅडम" म्हणून मोकळे झाले. सारिकाचा चेहरा लहान, गालफडं वर. तिच्या चेहऱ्यावर तो मास्क श्वास ओढला तरी टिकेना. हात सोडला की खाली. जॅकेटमध्ये तर तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

मी साहेबांना म्हटलं, हे बदलून आणा. ते म्हणाले, आणू की, पण आधी टीमच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होऊ दे. पाहुणे येणार आहेत.

तोवर मी सारिकाला माझा जुना काळा मास्क दिला. तो तिला असा बसला की जणू तिच्यासाठीच ओतला होता. जॅकेटला मी बाजूनं पट्टे मारून ते कसंबसं आवळलं. आणि पोरगी पाण्यात गेली. मी पुष्कळांना शिकवलंय, म्हणून जपून सांगते: इतकी शांत विद्यार्थिनी मला फार कमी मिळाली. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकानं बाहेर काढायचा सराव असतो, त्यात भले भले उसळून वर येतात. हिनं पहिल्याच वेळी केला, वर आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्यात म्हशीच्या पाठीवरून उडी मारली की असंच जातं की नाकात."

कार्यक्रम तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे एका मोठ्या शेततळ्यावर ठेवला होता. मांडव, खुर्च्या, स्पीकर. शेततळ्याला उतारावर काळं प्लॅस्टिक असतं, शेवाळानं गुळगुळीत. आत पडलेल्या माणसाला काठ दिसत असतो, पण चढता येत नाही. मी वरून दोर खाली सोडला होता आणि तळाशी थांबले होते. एकेक जोडी दोर धरून खाली यायची, मला खूण करायची आणि वर जायची. पाणी हिरवं, हात लांब केला की बोटांपलीकडे धूसर.

पहिली जोडी येऊन गेली. दुसऱ्या जोडीत सारिका आणि थोरात, म्हणजे टीमचा लीडर. दोघं समोर आले आणि मला पिवळी कड दिसली. दोन्ही चेहऱ्यांवर पिवळी. नंतर कळलं, मी खाली असताना साहेबांनी सारिकाला काळा मास्क काढायला लावला होता. फोटोत सगळे सारखे दिसायला हवेत, कंपनीचं नाव दिसायला हवं. माझे आवळलेले पट्टेही सोडून जॅकेट "नीट" करून दिलं होतं.

तिच्या काचेत नाकाच्या वरपर्यंत पाणी होतं. तिनं मान मागं करून ते काढलं. लगेच पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. मी वर जायची खूण केली. तिनं होकाराची खूण दिली, मान वर करून जॅकेटमध्ये हवा भरली, आणि ते ढगळ जॅकेट सरकून तिच्या कानांपर्यंत आलं. सिलिंडर डोक्यामागं आदळलं. नळीला हिसका बसला आणि ती तोंडातून निसटली.

मी दोन हातांवर होते. थोरात तर तिला खेटून होता. मी तिला धरलं, माझी जादा नळी तिच्या तोंडात कोंबली, खाली राहण्यासाठी तिच्या कमरेला बांधलेलं वजन सोडून दिलं आणि वर घेऊन निघाले. आता हे नीट वाचा. दाबाची हवा घेतलेल्या माणसानं श्वास रोखून वर यायचं नसतं. थोड्या खोलीवरूनही फुप्फुस फाटू शकतं. घाबरलेला माणूस हमखास श्वास रोखतो. सारिकाच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं, आणि तरी वर येईपर्यंत ती सावकाश बुडबुडे सोडत होती. शिकवलं तसं. एकसारखे, बारीक बुडबुडे. मी ते माझ्या गालावर मोजल्यासारखे अनुभवले.

आम्ही वर आलो. ती खोकत होती, तिला उलटी होत होती, मी तिचं डोकं वर धरून ओरडत होते, दोर टाका, शिडी टाका. आणि स्पीकरवरून आवाज आला, "जोरदार टाळ्या! हे होतं आपल्या टीमचं बचाव प्रात्यक्षिक!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्यांवरून उठून वाजवल्या. त्या टाळ्या अजून मला ऐकू येतात आणि अजून हात शिवशिवतात.

सारिकाला दवाखान्यात नेलं. छाती साफ होती, दोन दिवसांत बरी झाली. चौथ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेब, मी, थोरात. मी बोलायच्या आधीच साहेब म्हणाले, "मॅडम, मुलगी घाबरली. होतं असं. लेडीजना हे जमेलच असं नाही."

"ती घाबरली नाही. मास्क गळत होता. तुम्ही तो घालायला लावलात."

"तोच मास्क, तेच जॅकेट सात जणांनी वापरलं. त्यांना काही झालं नाही. मग प्रॉब्लेम सामानात की माणसात?"

मी थोरातकडे बघितलं. "तू शेजारी होतास. काय बघितलंस ते सांग."

थोरात टेबलाकडे बघत म्हणाला, "मला वाटतं… ती घाबरली, मॅडम."

मी उठले. काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. शेवटी म्हटलं, हे सामान बदलेपर्यंत मी या टीमला पाण्यात उतरवणार नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." आठवड्यात त्यांनी दुसरा शिकवणारा आणला. त्यानं त्याच मास्कवर सातही जणांना पास केलं. सारिकाचं नाव कमी झालं आणि पुढे तिचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही.

महिन्याभरानं एका दुपारी ती माझ्या दारात आली. सोबत वडील, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. मी त्यांना बसवलं. चहा झाला. मग म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला, "बाई, एक इचारतो. पोरगी पान्यात घाबरली म्हंत्यात लोकं. गावात बी आलंय हे. भीमा काय तिला नवी न्हाई. खरं काय हाय ते तुम्हीच सांगा."

"आबा, बसा, दाखवते."

मी कपाटातून दोन मास्क काढले. एक त्यांच्या चेहऱ्याला मोठा, एक बेताचा. पहिला टेकवला, श्वास ओढायला सांगितला. मास्क घसरून मांडीवर पडला. दुसरा लावला, तो गच्च धरून बसला. म्हातारा तसाच मास्क लावून सारिकाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मग काढला आणि हातात फिरवत म्हणाला, "आसं हाय व्हय. जू मापाचं नसलं की बैलाचा खांदा सुजतो, बाई. आन् लोकं म्हंत्यात, बैलच अंगचोर हाय."

सारिका त्या वेळेपर्यंत रडली नव्हती. तेव्हा रडली.

पुढच्या रविवारी मी तिला पुण्यात दुकानात नेलं. विक्रेत्यानं तिला बघितल्याबरोबर गुलाबी मास्क पुढं केला. "लेडीज कलेक्शन, मॅडम."

सारिका म्हणाली, "रंग राहू द्या. लहान तोंडाचे जेवढे आहेत तेवढे सगळे काढा."

त्यानं काउंटरवर रास घातली. ती एकेक लावत गेली, श्वास ओढायची, हात सोडायची, मान खाली घालून हलवून बघायची. विक्रेता कंटाळला. एक चांगला बसला होता. मी म्हटलं, हा घे. ती म्हणाली, थांबा, तोंडात नळी धरून बघते, गाल हलतात तेव्हा. बरोबर होतं तिचं. नळी धरल्यावर त्याची कड गालापाशी उचलली गेली. शेवटी एक साधा काळा, अरुंद मास्क सापडला. तो लावून ती आरशासमोर उभी राहिली आणि नळीसकट हसली, तरी तो हलला नाही. फिन घेताना तिनं आधी रबरी बूट घातले आणि मग त्यांवर फिन चढवून दुकानभर बदकासारखी चालली. जॅकेट घ्यायचं का, असं विक्रेत्यानं विचारलं. "ते भाड्यानं," ती म्हणाली. "अजून माझं मला कळायचंय."

तिनं स्कूबाचं शिक्षण पुरं केलं. आता ती एका ठेकेदाराकडे आहे. गावांच्या पाणीयोजनांच्या विहिरी नदीकाठी असतात, त्यांच्या जाळ्यांत जलपर्णी आणि कचरा अडकतो. खाली उतरून तो काढायचं काम ती करते. रविवारी माझ्या वर्गाला मदतीला येते. मास्क निवडायचं काम मी तिच्याकडे सोपवलंय, कारण माझा आवाज चढतो आणि नवी माणसं घाबरतात.

इथं लेख संपला असता तर मी शांत झाले असते. पण यंदाच्या पावसाळ्यानंतर थोरातचा फोन आला.

दौंडच्या बाजूला पाणी ओसरत असताना एक माणूस वाहून गेला होता. कारखान्याच्या टीमला शोधायला बोलावलं. थोरात खाली उतरला.

"मॅडम, काचेत पाणीच पाणी. मला माझा हात दिसत नव्हता. मी नुसता खाली थांबलो आन् वर आलो. सांगितलं, इथं कोण न्हाई. दुसऱ्या दिवशी तो माणूस तिथंच घावला. मी उतरलो होतो त्याच जागी."

मग त्यानं पुढचं सांगितलं.

"माझा मास्क पहिल्या दिवसापासून गळतोय, मॅडम. आणखी दोघांचा बी. आम्ही बोललो न्हाई. बोललो असतो तर आम्हाला बी घाबरले म्हणून काढलं असतं."

"आणि सारिका?" मी ओरडले. "ती माझ्या हातात गुदमरत होती आणि तू बघत होतास! साहेबासमोर काय म्हणालास तू?"

"कायम व्हायचं होतं, मॅडम."

"झालास?"

"न्हाई अजून."

फोन आपटायला हात उचलला होता. सारिका समोर बसून फिनचे पट्टे धूत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, त्याला रविवारी बोलवा. मास्क बघून देऊ."

"मी नाही बोलावणार."

"तो पुन्हा उतरणार की हो. आन् खाली कुणीतरी असणार."

मी तिच्या हातात फोन दिला. तिनं त्याला वेळ सांगितली, दाढी करून ये म्हणून सांगितलं.

रविवारी थोरात आला. दाराबाहेर बराच वेळ उभा होता. सारिकानं त्याला तलावाच्या काठावर बसवलं, आमच्याकडचे मास्क काढले आणि एकेक त्याच्या चेहऱ्यावर टेकवून बघायला लागली. "श्वास घे. हात सोड. न्हाई, हा न्हाई." तो मान खाली घालून सांगेल तसं करत होता. एकदा मध्येच म्हणाला, "सारिका, त्या दिवशी…" ती म्हणाली, "बोलू नको, गाल हलतात. कड बसत नाही."

बऱ्याच मास्कनंतर एक बसला. तिनं त्याला तो घालून पाण्यात उतरवलं, खाली नेलं आणि वर आणलं. वर आल्यावर त्यानं मास्क काढला. आत थेंब नव्हता. तो काचेकडे बघत राहिला. मी काठावरून म्हटलं, उद्या ऑफिसात जा आणि तिघांचे मास्क गळतात हे तोंडानं सांग. आणि त्या दिवशी काय बघितलंस, तेही सांग. त्यानं मान हलवली. सांगितलं की नाही, मला माहीत नाही. टीमचे मास्क अजून पिवळेच आहेत.

जाताना सारिकानं त्याला चहा विचारला. मी नाही विचारला.